खेळातील कच्चे लिंबू

(भोर व राजगड तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांच्या संयुक्त शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘समावेशक शिक्षण’ असा विषय छापला आहे. ह्या विषयाची परिपत्रके आपणांकडे वरचेवर येतात व त्यांपैकी काहींवर माझीच सही असते. ती येथे पुन्हा वाचून दाखविण्यात आपला वेळ खर्ची घालावा असे मला वाटत नाही. त्याऐवजी माझ्या लहानपणची एक हकीकत सांगतो. तिच्यात मुलांच्या खेळाचे एक मंडळ आहे, एक गुरुजी आहेत आणि माझा धाकटा भाऊ आहे. भावाची परवानगी घेऊनच मी ती सांगत आहे. “सांग, पण कुणाला रडवू नको,” एवढी एकच अट त्याने घातली आहे.

आम्ही वेल्ह्याचे. तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे व ते शोभणारेच आहे. परंतु माझ्या तोंडात जुने नाव बसले असल्याने मी आज वेल्हे असेच म्हणेन. कानद खोऱ्यातील आमची वाडी वीस-बावीस उंबऱ्यांची. भात, नाचणी व वरई ही पिके. पावसाळ्याचे चार महिने डोक्यावरचे इरले उतरत नसे आणि ओढ्याला पाणी आले की पलीकडच्या गावाशी बोलणे हातवाऱ्यांनीच होई. वाडीत चौथीपर्यंतची शाळा होती. पाचवीपासून ओढा ओलांडून दीड कोस चालावे लागे.

भावाचा जन्म १९७३ सालचा. तो दोन वर्षांचा असताना आषाढात त्याला ताप भरला. वडिलांनी त्याला घोंगडीत गुंडाळून दवाखान्यात नेले. तेथे सुई टोचली गेली, दोन दिवसांनी ताप उतरला, आणि ताप उतरल्यावर पोराचे दोन्ही पाय हलेनात. सुई नसेवर बसली, असा घरात व वाडीत समज झाला व तो आमच्या आईच्या मनातून अखेरपर्यंत गेला नाही. खरे कारण पोलिओचा विषाणू हे होते. दूषित पाण्यावाटे व अस्वच्छ हातांवाटे तो पोटात शिरतो. बहुतेकांना त्याची जाणीवही होत नाही. परंतु सुमारे दोनशेंत एखाद्याच्या मज्जारज्जूतील, स्नायूंना हालविणाऱ्या पेशींवर तो घाला घालतो व त्या पेशी एकदा मेल्या म्हणजे पुन्हा उगवत नाहीत. ह्या रोगाच्या तापात सुई टोचली असता त्या अवयवाला लुळेपणा येण्याचा संभव वाढतो, हेही वैद्यकाने दाखवून दिले आहे. तेव्हा आईचे म्हणणे अगदीच निराधार होते, असे मला म्हणवत नाही. लस तोवर आमच्या वाडीपर्यंत पोहोचली नव्हती. आपल्या देशात १९९५ पासून पल्स पोलिओची मोहीम घरोघर गेली, २०११ च्या जानेवारीत हावडा जिल्ह्यात शेवटचा रुग्ण सापडला आणि २०१४ च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त ठरला. त्या मोहिमेच्या रविवारी बूथवर बसून आपल्यापैकी अनेकांनी मुलांच्या बोटांवर शाईची खूण केली आहे. आपण ते काम ‘अशैक्षणिक’ म्हणून कुरकुरत करीत होतो. मीही कुरकुरलो आहे, आणि घरी भाऊ असताना कुरकुरलो आहे.

असो. वाडीने भावाला मायेने वागविले, हे मला प्रथम सांगितले पाहिजे. भैरोबाच्या उत्सवात पहिला प्रसाद त्याच्या हातावर पडे. शाळेत गुरुजींनी त्याला खिडकीजवळची जागा दिली होती. मी त्याला पाठकुळी घेऊन शाळेत नेई व आणी. मी दमलो की दुसरा कोणी मोठा मुलगा घेई. कोणी त्याला लंगडा म्हटले तर आमच्या वाडीतील बायका त्या पोराच्या कानाखाली वाजवीत. एवढी सगळी माया असूनही माझा भाऊ रोज संध्याकाळी चिडलेला असे. खेळ संपवून आम्ही घरी आलो की तो माझ्याशी तासभर बोलत नसे. त्याचे कारण मला पुष्कळ दिवस समजले नाही.

आपणा सर्वांना ठाऊक असलेला एक शब्द आहे : कच्चे लिंबू. खेळात एखादे लहान मूल हट्टाने घुसले की मोठी मुले म्हणतात, “येऊ दे, कच्चं लिंबू आहे.” म्हणजे ते मूल खेळात आहे, पण नाही. त्याने धरले तर कोणी धरला गेला असे होत नाही, आणि त्याला धरले तरी त्याच्यावर राज्य येत नाही. लहानपणी आपण सगळेच काही काळ कच्चे लिंबू होतो. पण वर्ष-दोन वर्षांत कोणीतरी म्हणते, “आता हा पक्का,” आणि त्या दिवशी आपण अंगुळभर उंच होतो. माझा भाऊ आठ वर्षांचा झाला तरी कच्चाच होता. लगोरीत त्याला देवळाच्या पायरीवर बसवून आम्ही चेंडू राखायला देत असू. कधी त्याच्याकडून लगोरीवर एक नेम मारवून घेत असू. तो लागला तर टाळ्या वाजवीत असू, न लागला तरी टाळ्या वाजवीत असू. त्या टाळ्यांनी त्याच्या अंगाचा किती तिळपापड होत असेल, हे मला पुढे उमगले.

सन १९८१ हे संयुक्त राष्ट्रसंघाने अपंगांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले होते. तेव्हा ‘अपंग’ हाच शब्द चाले. पुढे ‘विकलांग’ आला व आता ‘दिव्यांग’ म्हणावयाचे आहे. त्या वर्षाच्या हिवाळ्यात आमचे गुरुजी एक कागद घेऊन घरी आले. पुण्यात अपंग मुलांच्या खेळांचा मेळावा होता व शाळेतून अशा मुलांना घेऊन येण्याची सूचना होती. गुरुजी नव्यानेच आले होते, अविवाहित होते, शाळेतच राहत. वडील म्हणाले, “गुरुजी, त्याला न्यायचा कसा?” गुरुजींनी माझ्याकडे बोट दाखविले. मी तेव्हा पलीकडच्या शाळेत सहावीत जात होतो. पुणे पाहावयास मिळणार म्हणून मी तत्काळ होकार दिला. शेजारच्या वाडीतील एक मुलगीही आमच्याबरोबर होती. तिला जन्मतः दिसत नव्हते. तिची आजी तिच्यासोबत आली. आम्ही पाच जण पहाटे वेल्ह्याच्या एस.टी.त बसलो. मार्गासनी, नसरापूर, मग कात्रजचा घाट व स्वारगेट. पुढे शहराच्या बसने गणेशखिंडीपर्यंत गेलो. आजीबाई वाटभर सर्वांना सांगत होत्या, “पोरीला पुणं दावाया चाललीय.” कोणी हसले नाही.

गणेशखिंड रस्त्यावर राजभवनाला लागून बालकल्याण संस्था आहे. १९७९ हे जगभर बालक वर्ष म्हणून पाळले गेले. त्या सुमारास, सादिक अली राज्यपाल असतानाच्या काळात, ही संस्था उभी राहिली. तिचा विशेष आपण ध्यानात घ्यावा. आपल्या प्रांतात अपंग मुलांसाठी काम तसे जुने आहे. मुंबईत माझगावला मूकबधिरांची शाळा १८८५ च्या सुमारास निघाली, दादरला अंध मुलांची १९०० मध्ये, पुण्यातील अंधशाळा १९३४ मध्ये. स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यावर फातिमा इस्माईल ह्या बाईंनी १९४७ साली मुंबईत अशा मुलांच्या उपचारांचे केंद्र काढले. पुण्यात वानवडीची अपंग कल्याणकारी संस्था १९५६ पासून आहे, आणि सिंधूताई जोशी ह्यांची ‘कामायनी’ १९६४ पासून. ही सर्व कामे शिक्षणाची, उपचाराची व पोट भरण्याची विद्या देण्याची होत व त्यांचे मोल फार मोठे आहे. बालकल्याणचा मुख्य हेतू मुलांनी तेथे यावे, खेळावे, गावे, चित्रे काढावीत, एवढाच होता. अपंगाला औषध हवे, काठी हवी, नोकरी हवी, हे समाजाला लवकर समजते. त्याला खेळही हवा, हे उशिरा समजते. आपल्याच देशात असे झाले असे नाही. इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन ह्यांनी युद्धात मणका दुखावलेल्या सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा १९४८ साली भरविली, तेव्हा अवघे सोळा स्पर्धक होते. त्यातूनच पुढे पॅरालिम्पिक स्पर्धा निघाल्या. त्याच स्पर्धांत १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे आपल्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर ह्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळविले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झालेले हे जवान. त्यांचे नाव आमच्या गुरुजींना माहीत होते व बसमध्ये त्यांनी आम्हांला ती गोष्ट सांगितली होती. भावाने विचारले, “त्यांना पाठकुळीला घेऊन कोण गेलं होतं?” गुरुजींना उत्तर देता आले नाही.

त्या आवारात आम्ही गेलो तेव्हा प्रथम मी घाबरलो, हे कबूल करतो. कुबड्या, चाकांच्या खुर्च्या, हातवारे करून बोलणारी मुले, लाळ गळणारी मुले ह्यांची एवढी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. भाऊ मात्र माझ्या पाठीवरून डोके वर काढून सगळीकडे पाहत होता. वाडीत त्याच्यासारखा तो एकटाच होता. जगात आपल्यासारखे इतके जण आहेत, हे त्याला त्या दिवशी कळले. दिवसभर तो इतका गप्प होता की त्याला बरे नाही, असे गुरुजींना वाटले.

दुपारी झाडांखाली लगोरी मांडली होती. खेळ घेणाऱ्या बाई बहुधा महाविद्यालयात शिकणाऱ्या असाव्यात. साडीचा पदर कमरेला खोचलेला व गळ्यात शिट्टी. त्यांनी सांगितले, “सगळे खाली बसा. बरोबर आलेलेही बसा. ह्या खेळात उभे राहील तो बाद.” मीही बसलो. सर्वांनी बसूनच सरकावयाचे, बसूनच चेंडू मारावयाचा, बसूनच लगोऱ्या रचावयाच्या. शिक्षकहो, बसून सरकणे किती कठीण आहे, ह्याचा अनुभव आपण घेऊन पाहा. मी हात टेकून दोन फूट सरकलो तोवर माझा भाऊ लगोऱ्यांपाशी पोहोचला होता. सहा वर्षे तो घरात, अंगणात, ओटीवर हातांच्या बळावरच वावरत आला होता. त्याचे दंड पोलादासारखे झाले होते, आणि ही गोष्ट त्याच्यासकट कोणाच्याही लक्षात आली नव्हती. त्याने पाच लगोऱ्या रचल्या. सहावी ठेवताना एका मुलाने मारलेला चेंडू त्याच्या पाठीत बसला.

बाईंनी शिट्टी फुंकली व म्हणाल्या, “बाद.”

भावाने माझ्याकडे पाहिले. मी सवयीने म्हणालो, “राहू द्या बाई, तो लहान आहे.” बाई म्हणाल्या, “लागला की नाही? मग बाद म्हणजे बाद.” भाऊ बाजूला सरकला व रागाने रडू लागला. मी उठून त्याच्याकडे जाऊ लागलो, तर बाईंनी मलाही बाद केले, कारण मी उभा राहिलो होतो. कोणी त्याची समजूत काढली नाही, कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत. पुढच्या डावात तो आपला आपण येऊन बसला, आणि ज्या मुलाने त्याला मारले होते त्याला त्याने नेम धरून चेंडू हाणला. माझ्या भावाला कोणाचा सूड घेताना मी प्रथमच पाहत होतो.

त्या दिसत नसलेल्या मुलीची हकीकत थोडक्यात सांगतो. अंधांच्या खेळातील चेंडूत खुळखुळणारे छर्रे असतात. तो तिच्या हाती आला आणि तिने तो परत द्यावयास नकार दिला. आजीबाईंनी तिला चापट मारली, तरी ती देईना. शेवटी तो तिने परत दिला. पण घरी गेल्यावर आजीने पत्र्याच्या डबीत हरभरे घालून, वर चिंध्या गुंडाळून तसाच चेंडू शिवला. माझ्या सेवेत मी पाहिलेले उत्तम शैक्षणिक साहित्य अद्याप तेच आहे.

परतीच्या प्रवासात नसरापूरच्या पुढे अंधार पडला. भाऊ माझ्या मांडीवर झोपला आहे असे मला वाटले होते. तो एकदम म्हणाला, “दादा, मी बाद झालो.” ती तक्रार नव्हती. पुढे आठ दिवस वाडीत भेटेल त्याला तो हेच सांगत होता व ऐकणाऱ्यांना त्यात सांगण्यासारखे काय आहे, ते समजत नव्हते. गुरुजींना समजले.

गुरुजींनी त्याच शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, भैरोबाच्या सभामंडपात लगोरी मांडली व आम्हां सर्वांना खाली बसविले. पावसाळ्यातही ह्या खेळात खंड पडला नाही, कारण मंडपाला छप्पर होते. त्यास गुरुजी ‘आपले मंडळ’ म्हणत. वर्गणी नव्हती, पावतीपुस्तक नव्हते. चणेफुटाणे गुरुजींच्या पगारातून येत. ओढ्याकडेच्या कातकरी वस्तीतील एक मुलगाही तेथे येऊ लागला. त्याचे हातपाय धडधाकट होते, परंतु दिवाळीनंतर आईबाप कोळशाच्या भट्ट्यांवर जात व तो त्यांच्यामागे जाई. पाऊस लागताना परत येई. हजेरीपटावर नाव, वर्गात जागा नाही. त्याला कोणी प्रश्न विचारीत नसे, म्हणून तो कधी चुकतही नसे. गुरुजी म्हणत, “हाही कच्चं लिंबूच.” तो मुलगा पाखरे हुबेहूब ओरडून दाखवी. गुरुजींनी त्यावरून एक खेळ रचला : डोळे बांधून आवाज ओळखावयाचा. त्यात ती न दिसणारी मुलगी व तो मुलगा ह्या दोघांनी मिळून सर्व वाडीला हरविले. तो हरल्याचा आनंद मला अजून आठवतो.

दोन वर्षांनी गुरुजींची बदली झाली. मंडळही बंद पडले. त्यासाठी कोणाला दोष द्यावा असे नाही. एका माणसाच्या उत्साहावर चाललेले काम त्याच्या बिऱ्हाडाबरोबर बैलगाडीत चढते, हे आपण खात्यात रोज पाहतो.

पुढचे सांगणे मला जड जाते. १९८३ च्या एप्रिलमध्ये भाऊ चौथी पास झाला आणि मी सातवी. मला भोरच्या वसतिगृहात जागा मिळाली. भावाला पाचवीसाठी ओढ्यापलीकडे रोज न्यावयास कोणीतरी हवे होते. वडील त्याला घेऊन एका शाळेत गेले. तेथील मुख्याध्यापक कनवाळू गृहस्थ होते. ते म्हणाले, “लेकराचे हाल कशाला करता? घरी बसून वाचू द्या त्याला.” वडिलांनी हात जोडले व त्याला परत आणले. मी भोरला गेलो. त्या वर्षी मी वाडीत राहिलो असतो तर काय झाले असते, ह्याचा हिशेब मी पुष्कळ वेळा मांडला आहे. तो जुळत नाही. मी शिकलो, डी.एड. झालो, मास्तर झालो, आज आपल्यापुढे उभा आहे. भाऊ चौथी पास आहे. हाताने फिरवावयाच्या शिलाई यंत्रावर तो वेल्ह्याच्या रस्त्यालगत कपडे शिवतो. आपल्यापैकी दोन-तीन शाळांचे गणवेश त्याच्याच दुकानातून जातात व त्यांच्या गुंड्या सुटत नाहीत, असा त्याचा लौकिक आहे.

मधल्या काळात त्याला मदत मिळाली नाही असेही नाही. एका शिबिरात त्याला मोजमाप घेऊन कॅलिपर मिळाले. वाढत्या मुलाचे कॅलिपर वर्षा-दीड वर्षात आखूड होते व बदलावे लागते, हे त्यास देणाऱ्यांनी सांगितले नाही; आणि भाताच्या खाचरांच्या बांधावरून ते घालून चालता येत नाही, हे त्यांना आम्ही सांगितले नाही. दुसऱ्या एका समारंभात त्याला तीनचाकी सायकल मिळाली. फोटो निघाला. आमच्या वाडीची चढण आपण पाहिली आहे. ती सायकल गोठ्यात वैरण ठेवण्याच्या कामी आली. दात्यांचे मन चांगले होते. गुरुजींचे चणेफुटाणे मात्र अधिक दिवस पुरले.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण दुसऱ्यांच्या सांगून माझी झाकणे बरे नव्हे. पहिल्या नेमणुकीवर मी वेळवंड खोऱ्यात, भाटघर धरणाच्या पाण्याकाठच्या एका शाळेत होतो. माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिला फारच कमी ऐकू येई. मी तिला पुढच्या बाकावर बसवी, तिच्याकडे तोंड करून बोले, तिच्या वहीत स्वतः लिहून देई. त्याबद्दल मला शाबासकीही मिळाली होती. खेळाच्या तासाला खोखो असे. तिला ‘खो’ ऐकू येणार नाही म्हणून मी तिला गुण मांडावयास बसवीत असे. असे एक नव्हे, तीन वर्षे चालले. चौथ्या वर्षी एके दिवशी पाटीत एक मुलगी कमी पडली व मी नसताना मुलींनी हिलाच बसविले. मी परत येऊन पाहतो तो ती खेळत होती आणि कोणाहीपेक्षा वेगाने उठत होती. शिक्षकहो, खोखोचा नियम काय आहे? ‘खो’ मागून, पाठीला हात लावून द्यावयाचा असतो. आपल्याच पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर ह्या खेळाचे नियम प्रथम बांधले गेले व ते मी प्रशिक्षणात पाठ केले होते. तो हात तिला इतरांइतकाच कळत होता. ज्याच्या भावाने ‘बाद’ झाल्याचा आनंद आठ दिवस केला, त्या शिक्षकाने एका मुलीला तीन वर्षे पायरीवर बसविले, आणि तेही मायेने. त्या दिवशी मी भावाला पत्र लिहिले. त्याचे उत्तर आले : “तिला बाद केले का?”

कायद्याविषयी दोनच वाक्ये. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे, आणि २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले असून ६ ते १८ वर्षांच्या अशा मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. माझ्या वडिलांना ज्यांनी परत पाठविले, त्यांना आज तसे करता येणार नाही. ह्याच दुसऱ्या कायद्याच्या सोळाव्या कलमात, भेदभाव न करता प्रवेश द्यावा ह्या वाक्यालाच जोडून, खेळाची व मनोरंजनाची संधी इतरांच्या बरोबरीने द्यावी, असे लिहिले आहे. हे कलम आपण शाळेत गेल्यावर स्वतः वाचावे.

तपासणीस येताना मी नोंदवह्या पाहतोच, तो माझ्या कामाचा भाग आहे. उतरत्या रस्त्याची लांबी, कठड्याची उंची, विशेष शिक्षकांच्या भेटीची तारीख, घरी जाऊन शिकविल्याची नोंद, हे सर्व मी लिहून घेतो. अलीकडे मात्र मी एक काम आणखी करतो. मधल्या सुटीत गाडी लांब उभी करून मैदानाकडे पाहतो. कोणते मूल कठड्यावर बसले आहे, कोण चपला राखीत आहे, कोण पाण्याच्या पिंपाजवळ उभे आहे, हे पाहतो. मागच्या महिन्यात एका शाळेत मी मेंदूच्या पक्षाघाताचा एक मुलगा पाहिला. तो दोन मुलांच्या खांद्यांवर हात टाकून आट्यापाट्यांच्या पाटीवर उभा होता व तिघे मिळून एक गडी धरले जात होते. मी पाहत असताना तिघेही बाद झाले आणि एकमेकांवर ओरडू लागले. त्या भांडणात तो मुलगा सर्वांत मोठ्याने ओरडत होता. शब्द मला कळले नाहीत, त्याच्या सोबत्यांना कळत होते. तेथील बाईंचे नाव मी त्यांच्या संमतीवाचून घेत नाही. त्या आज ह्या सभागृहात आहेत. माझ्या शेरेबुकात त्या दिवशी काय लिहावे, ते मला सुचले नाही. छापील नमुन्यात त्यासाठी रकाना नाही.

कोणी म्हणतील, एवढ्या पटाच्या शाळेत, दोन शिक्षकी कारभारात, हे कसे साधावे? अडचण खरी आहे. मी दोन शिक्षकी शाळेतच उमेदवारी केली आहे. आमच्या गुरुजींची शाळा एकशिक्षकी होती. त्यांच्यापाशी सात खापऱ्या आणि एक चिंध्यांचा चेंडू होता. खेळ कसा बदलावा, हे मुलेच सुचवितात. आपण ‘असे चालत नाही’ म्हणावयाचे थांबलो म्हणजे झाले. पण काही मुले अशीही असतात की त्यांना गलका सोसत नाही, त्यांना खेळात ओढून आणणे हा छळ होईल. ती कोणती, हे आईला विचारावे. ह्या बाबतीत माझे ज्ञान थोडे आहे. विशेष शिक्षक दुपारी बोलणार आहेत, त्यांचे ऐकावे.

गुरुजींचा मी पुढे शोध घेतला. सेवानिवृत्तीनंतर ते आपल्या गावी होते. मी गेलो तेव्हा त्यांना कमी दिसत होते व ओटीवरून खाली उतरावयास नातू हात देत असे. मी लगोरीची आठवण काढली. ते म्हणाले, “तुझा भाऊ फार कपटी खेळायचा. मला दोनदा बाद केलं त्यानं.” परत आल्यावर मी हे भावाला सांगितले. त्याने यंत्राचे चाक थांबविले व म्हणाला, “तीनदा.”

भोजनानंतर दोन वाजता शाळेच्या मागील मैदानात लगोरी मांडली आहे. सर्वांनी खाली बसूनच खेळावयाचे आहे. उभे राहणारास बाद धरले जाईल. केंद्रप्रमुखांनाही सवलत नाही. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी आधी सांगावे, म्हणजे त्यांना कसे घ्यावयाचे ते सर्वांनी मिळून ठरविता येईल. शिट्टी माझ्या भावाकडे आहे; तो रिक्षाने दीडपर्यंत पोहोचतो आहे.